दात शिवशिवायचे थांबतात आणि पुन्हा सुरू होतात: घोळ पेस्टमध्ये आहे का?

सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आणली, महिन्याभरात आराम पडला, ट्यूब संपली, नेहमीची पेस्ट परत सुरू झाली. दीड-दोन महिन्यांनी गार पाण्याच्या पहिल्याच घोटाला वरच्या डाव्या बाजूच्या दातांतून सणकन कळ गेली. पुन्हा ती पेस्ट, पुन्हा आराम, पुन्हा ट्यूब संपली. माझं हे तीन वर्षं चाललं होतं. दर वेळी मी एवढाच अर्थ काढायचे की ही पेस्ट तात्पुरती आहे, आणि पुढच्या खेपेला वेगळ्या नावाची आणायचे.

बाथरूमच्या फळीवर चार अर्धवट ट्यूब जमल्या तेव्हा एका रविवारी त्या चारही घेऊन बसले आणि मागचा मुंगीएवढा मजकूर वाचला. तीन सेन्सिटिव्ह दातांच्या होत्या, तीन वेगळ्या नावांच्या, आणि त्यांतल्या दोघींत औषधी घटक अगदी एकच होता. म्हणजे मी पेस्ट बदलत होते असं मला फक्त वाटत होतं. चौथी होती ती माझी 'नेहमीची', जिच्याकडे मी दर वेळी परत जायचे. ती दात पांढरे करणारी होती. एका हाताने बुजवायचं आणि दुसऱ्या हाताने उकरायचं, असा तो उद्योग होता.

ज्यांना पेस्टने बरं वाटतं पण ते टिकत नाही, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे. ज्यांना कोणत्याच पेस्टने काडीचाही फरक पडत नाही त्यांनी निदान पुढचा भाग तरी वाचावा, कारण त्यांचा प्रश्न बहुधा पेस्टचा नाहीच.

नुसतं 'दात दुखतो' म्हणू नका

आपल्या भाषेत दातांच्या तक्रारींसाठी निरनिराळी क्रियापदं आहेत आणि ती नीट वापरली तर अर्धं निदान घरीच होतं.

दात आंबतात. काहीतरी आंबट खाल्ल्यावर एकदम पाच-सहा दात बोथट, खरबरीत लागतात, चावायला नको वाटतं, आणि काही तासांत ते आपोआप जातं. आम्लाने दातांच्या पृष्ठभागाला नुकताच हात लावला आहे, याची ही खूण. लाळ ते सावरून घेते. रोज आंबत असतील तर मात्र ही पुढच्या त्रासाची नांदी समजा.

दात शिवशिवतात. गार पाणी, गार वारा, गोड घास किंवा ब्रशच्या केसांचा नुसता स्पर्श झाला की कळ जाते. धारदार असते, पण क्षणाची. कारण बाजूला झालं की काही सेकंदांत थांबते. बहुतेकदा एकाहून अधिक दात असतात, आणि जागा हिरडीलगतची, गालाकडची. सुळे आणि त्यांच्या मागच्या उपदाढा यांत आघाडीवर असतात. उजव्या हाताने घासणाऱ्यांना डाव्या बाजूला त्रास जास्त होतो असं दंतवैद्य नेहमी पाहतात, कारण त्या बाजूला हाताचा जोर पुरेपूर पोचतो. माझंही तसंच. पेस्टने ज्यात फरक पडतो ते हे शिवशिवणं.

दात ठणकतो. काही न खाता-पिता, रात्री आडवं झाल्यावर, नाडीच्या ठोक्यासारखा. गार पाणी गिळून झालं तरी कळ मिनिटभर रेंगाळते. गरमाने वाढतं, कधीकधी तर गार पाणी तोंडात धरल्यावरच बरं वाटतं. इथे दाताच्या आतला पल्प, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा, सुजलेला असतो आणि जगातली कुठलीही पेस्ट तिथवर पोचत नाही. तरीही सेन्सिटिव्ह पेस्ट लावत बसलात तर फक्त वेळ जातो, आणि तेवढ्यात फिलिंगने भागलं असतं ते काम रूट कॅनालपर्यंत जातं.

आणखी एक प्रकार आहे, त्याला मराठीत वेगळा शब्द नाही: चावताना, आणि विशेषतः चावून दाब सोडताना एकाच दाताला सणक येते. दाताला बारीक तडा गेला असण्याची ही जुनी, विश्वासाची खूण आहे. तसंच फक्त एकाच दाढेला, फक्त गोडाने त्रास होत असेल तर कीड आधी शोधावी. नुकतंच फिलिंग झालं असेल आणि तोच दात चावताना लागत असेल तर ते फिलिंग उंच राहिलेलं असू शकतं. डॉक्टर ते दोन मिनिटांत घासून देतात, त्याच्यासाठी पेस्ट बदलायची काही गरज नाही.

दंतवैद्यांच्या भाषेतही या शिवशिवण्याची व्याख्या अशी वजाबाकीनेच केलेली आहे: उघड्या पडलेल्या डेंटिनमधून, म्हणजे दाताच्या कवचाखालच्या थरातून, थंडी, वारा, स्पर्श, गोड-आंबट अशा कारणाने उठणारी आखूड धारदार कळ, आणि जिच्यामागे दाताचा दुसरा कुठलाही दोष सापडत नाही अशी. म्हणून आधी एकदा तपासणी, मग पेस्ट. मी नेमकं उलट केलं होतं.

आत काय चालतं

हे कळल्याशिवाय ट्यूबच्या मागचा मजकूर वाचून उपयोग नाही, म्हणून थोडं खोलात.

दाताच्या दिसणाऱ्या भागावर एनॅमलचं कवच असतं. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. शरीरात त्याहून कठीण काही नाही, आणि त्यात नस नाही. त्याच्या आत डेंटिन. त्यात खनिज साधारण ७० टक्केच, आणि मुख्य म्हणजे ते भरीव नसतं. पल्पपासून बाहेरच्या कडेपर्यंत जाणाऱ्या अतिबारीक नळ्यांनी ते भरलेलं असतं. नळीचा व्यास एक ते अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा नळ्या कडेच्या बाजूला वीस हजारांच्या आसपास, पल्पजवळ त्याच्या दुपटीहून जास्त. नळ्यांत द्रव असतो आणि पल्पच्या टोकाला नसांचे शेवटचे धागे.

मुळांवर एनॅमल नसतं, सिमेंटम नावाचा पातळ थर असतो, आणि दाताच्या मानेशी त्याची जाडी जेमतेम २० ते ५० मायक्रॉन. हिरडी मागे सरकली की तो उघडा पडतो आणि टिकत नाही. त्यातही दहातल्या साधारण एका दातात एनॅमल आणि सिमेंटम एकमेकांना भेटलेलेच नसतात, मध्ये डेंटिनची फट उपजतच असते. हिरडी जागेवर आहे तोवर ती झाकलेली राहते, इतकंच.

स्वीडनच्या मार्टिन ब्रानस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं की कळ उठते ती या नळ्यांतला द्रव हलल्यामुळे. गार लागलं की द्रव आकसून बाहेरच्या दिशेला सरकतो. वाऱ्याने त्याच्या तोंडाशी बाष्पीभवन होतं. गोड पदार्थाचा घट्ट पाक त्याला बाहेर ओढतो. आतल्या टोकाला नस ताणली जाते आणि आपण कळवळतो. डॉक्टर दातावर हवेचा फवारा मारून बघतात तो याच कारणाने.

१९८७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिवशिवणारे आणि न शिवशिवणारे दात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी ठेवून पाहिले गेले. शिवशिवणाऱ्या दातांत उघड्या नळ्या जवळपास आठपट होत्या आणि त्यांचा व्यास दुप्पट. दुप्पट म्हणजे थोडंच, असं वाटेल. पण नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो, म्हणजे व्यास दुप्पट झाला की प्रवाह सोळापट. शिवशिवणं हळूहळू न वाढता एका सकाळी अचानक 'सुरू झालं' असं का वाटतं, ते मला या आकड्यावरून पहिल्यांदा पटलं. आणि उलट बाजूनेही तेच: नळी पूर्ण बुजली नाही, नुसती अर्धी अरुंद झाली, तरी केवढा फरक पडेल!

तर पेस्टला दोनच गोष्टी करता येतात. नळ्यांची तोंडं बुजवणं, किंवा नस गप्प करणं.

पेस्ट नडते कुठे

पेस्ट म्हणजे मुळात फेस आणि चव घातलेली बारीक पूड. हायड्रेटेड सिलिका, कॅल्शियम कार्बोनेट, डायकॅल्शियम फॉस्फेट अशी काहीतरी घासणारी पूड प्रत्येक पेस्टमध्ये असते. ती डेंटिनला किती खरवडते याचं एक माप आहे, आरडीए. ते काढायची पद्धत गमतीची आहे. काढलेल्या दातांच्या मुळांचं डेंटिन अणुभट्टीत किरणोत्सारी करतात, पेस्टच्या पाण्यात यंत्राने घासतात आणि पाण्यात किती किरणोत्सार उतरला ते मोजतात. प्रमाण म्हणून ठरवलेल्या पुडीला १०० धरलेलं आहे, आणि आयएसओ ११६०९ या मानकानुसार रोजच्या पेस्टची वरची मर्यादा २५०. बहुतेक ट्यूबवर हा आकडा छापलेला नसतो, ही खरी अडचण. ढोबळ मानाने सेन्सिटिव्ह दातांच्या पेस्ट खालच्या टोकाला असतात, डाग काढणाऱ्या आणि पांढरं करणाऱ्या बऱ्याचशा वरच्या. नुसता खाण्याचा सोडा, त्याच्या खारट चवीवरून वाटतो तसा खरवडणारा नाही, उलट फार मऊ आहे. कोळशाच्या पेस्टपासून मात्र शिवशिवणाऱ्या दातांनी लांब राहावं. त्यांची खरखर सारखी नसते, आणि त्यांतल्या अनेकींत फ्लोराइडही नसतं.

इथे एक गफलत होते, ती मीही केली. सगळा दोष खरखरीवर टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. पण धडधाकट एनॅमलचं पेस्टने फारसं काही बिघडत नाही. नुसत्या ब्रशने, पेस्टशिवाय, तर डेंटिनही जवळपास झिजत नाही. आणखी गंमत म्हणजे घासताना डेंटिनचाच भुगा नळ्यांच्या तोंडांवर लिंपला जातो आणि काही काळ त्या बंदही होतात. मग बिघडतं कुठे? बिघडतं ते आम्ल आणि घासणं यांच्या जोडीमुळे. आंबट पेय तो लिंपलेला थर धुऊन नेतं आणि खालचं डेंटिन मऊ करून ठेवतं. त्यावर लगेच खरखरीत पेस्ट आणि जोराचा हात आला की मऊ झालेलं निघून जातं आणि नळ्या उघड्या.

माझ्या बाबतीत सकाळी उठल्या-उठल्या कोमट पाण्यात लिंबू पिळून पिणं आणि त्यानंतर पाच मिनिटांत पांढरं करणारी पेस्ट, असा रोजचा क्रम होता. सेन्सिटिव्ह पेस्ट चालू असताना ती निदान मऊ असायची आणि थोडं बुजवायची. ती संपली की लिंबू आणि खरखर यांना मोकळं रान. दीड-दोन महिने लागायचे ते याला.

पांढरं करणाऱ्या सगळ्याच वस्तू एका मापाने मोजू नका. काहींत निळसर रंगद्रव्य असतं, त्याने दात नुसते पांढरे भासतात. त्याचा शिवशिवण्याशी संबंध नाही. पेरॉक्साइडच्या पट्ट्या किंवा जेल यांचा त्रास वेगळ्या जातीचा. पेरॉक्साइड दातातून झिरपून थेट पल्पपर्यंत जातं आणि तिथे चुरचुर करतं. तो त्रास थांबवल्यावर बहुधा काही दिवसांत ओसरतो. हे सुरू असताना दात शिवशिवले तर पेस्टला बोल लावू नये.

आणि कधीकधी शिवशिवतात ते दात नसतातच. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट काहींच्या तोंडाच्या नाजूक त्वचेला सोसत नाही, तोंड येतं. दालचिनीच्या चवीतल्या सिनामाल्डिहाइडने हिरड्या लाल होऊन चुरचुरतात. मेंथॉल तर थंडी ओळखणाऱ्या नसांनाच चाळवतं, त्यामुळे पेस्ट लावल्यावर तोंडात गार वारा शिरल्यासारखं वाटणारच. बोटाने हिरडी दाबून बघा, मग दात दाबून बघा. चुरचुर हिरडीची किंवा गालाची असेल तर चव आणि फेस बदलायचा, औषधी घटक नाही.

ट्यूबच्या मागे काय शोधायचं

पुढच्या बाजूचं नाव विसरा. एकाच नावाची पेस्ट वेगळ्या देशात वेगळा घटक घेऊन विकली जाते, आणि एकाच घरच्या दोन चवींतही घटक बदललेला असू शकतो. मागे बारीक अक्षरांत 'सक्रिय घटक' किंवा नुसती घटकांची यादी असते, ती वाचा.

पोटॅशियम नायट्रेट, सहसा ५ टक्के, हा सगळ्यात जास्त दिसणारा. १९७४ पासून दंतवैद्यकात त्याची चर्चा आहे. तो नळ्या बुजवत नाही. पोटॅशियम नळ्यांतून हळूहळू आत जातं, नसेभोवती साठतं, आणि नसेला पुन्हा इशारा द्यायला येत नाही. अडचण अशी की नळ्यांतला द्रव मुळात बाहेरच्या दिशेला झिरपत असतो, म्हणजे पोटॅशियमला प्रवाहाविरुद्ध पोहत जायचं असतं. म्हणून त्याला दोन ते चार आठवडे लागतात, तेही दिवसातून दोनदा न चुकता लावलं तर. आणि लावायचं थांबलं की साठलेलं पांगतं. 'पेस्ट संपली आणि पुन्हा सुरू झालं' ही तक्रार करणाऱ्यांनी आधी हे नाव आपल्या ट्यूबवर आहे का ते पाहावं. पेस्ट खोटी नाही, तिचं काम तेवढंच आहे. पोटॅशियम सायट्रेट आणि क्लोराइडही याच पठडीतले. पुरावा मात्र फार भक्कम नाही, हेही सांगितलं पाहिजे. २००६च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, पोटॅशियमच्या पेस्टसाठी ठाम पुरावा सापडला नव्हता. माझ्यावर तिने काम केलं. पण माझा अनुभव म्हणजे काही चाचणी नव्हे.

स्टॅनस फ्लोराइड, ०.४५४ टक्के. स्टॅनस म्हणजे कथलाचं. कथलाची संयुगं नळ्यांच्या तोंडाशी बसतात आणि आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. माझ्यासारख्या आंबटखाऊंना हे महत्त्वाचं. शिवाय ते जंतूंवरही काम करतं, त्यामुळे हिरड्यांतून रक्त येणाऱ्यांना दुहेरी फायदा. तोटा: काहींच्या दातांवर तपकिरी छटा चढते. ती वरवरची असते, डॉक्टरांकडच्या स्वच्छतेत निघते. पण ती बघून घाबरून पुन्हा पांढरं करणाऱ्या पेस्टकडे धाव घेतली की झालं, चक्र पूर्ण! एक बारीक गोष्ट: सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट ही कीड रोखणारी चांगली फ्लोराइडंच आहेत, पण त्यांत कथील नाही. 'फ्लोराइड आहे ना, मग झालं' असं म्हणून भागत नाही.

स्ट्रॉन्शियम हा या घराण्यातला आजोबा. १९६१मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या सेन्सोडाइनमध्ये स्ट्रॉन्शियम क्लोराइड होतं. त्याचं नेहमीच्या फ्लोराइडशी जमत नाही, म्हणून पुढे ते मागे पडलं.

आर्जिनिन ८ टक्के आणि कॅल्शियम कार्बोनेट ही जोडी नळ्यांच्या तोंडाशी चिकटून बूच बसवते. हिची खासियत म्हणजे घासण्यावर अवलंबून राहायला नको. बोटाच्या टोकावर थोडी घेऊन दुखऱ्या जागी मिनिटभर चोळली तर काहींना तिथल्या तिथे आराम पडतो. गार काही खाण्याआधीची ही युक्ती मी अजून वापरते.

कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट असं लांबलचक नाव दिसलं तर ती जैवकाच आहे. लॅरी हेंच यांनी १९६९मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात हाडाला जुळणारी काच बनवली, तिची बारीक पूड आता दातांसाठी वापरतात. लाळेत आली की ती कॅल्शियम आणि फॉस्फेट सोडते आणि दाताच्या खनिजासारखाच थर नळ्यांवर चढतो. पाण्याशी तिची लगेच क्रिया होते म्हणून या पेस्ट पाण्याऐवजी ग्लिसरीनमध्ये केलेल्या असतात आणि हाताला चिकट, जड लागतात. ट्यूब खराब झाली असं समजून परत करायला जाऊ नका.

हायड्रॉक्सिॲपटाइट, बहुधा नॅनो स्वरूपातलं, म्हणजे दाताचंच खनिज बाहेरून दिलेलं. जपानमध्ये १९८०पासून विकलं जातं. फ्लोराइड नको असणाऱ्यांत ते लोकप्रिय झालं आहे. ते घेताना ट्यूबमध्ये फ्लोराइड आहे की नाही हे जरूर बघा, आणि नसेल तर किडीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा.

मी लावलेला क्रम

एका वेळी एकच बदल. हे लिहायला सोपं आहे, पण दात शिवशिवत असताना माणूस ब्रश, पेस्ट, माउथवॉश सगळं एकाच दिवशी बदलतो आणि मग कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही.

वही घेतली. रोज सकाळी ब्रशच्या आधी फ्रिजमधल्या पाण्याचा एक घोट डाव्या गालात धरायचा, पाचपर्यंत मोजायचं आणि कळ शून्य ते दहामध्ये लिहायची. पाणी तेच, वेळ तीच. पहिले चार दिवस काहीही न बदलता नुसतं लिहिलं. सरासरी सातच्या आसपास आली.

मग फक्त पांढरं करणारी पेस्ट बंद केली आणि साधी, मऊ, फ्लोराइडची आणली. औषधी घटक मुद्दाम नव्हता. दोन आठवड्यांनी आकडा पाचवर. याचं मला नवल वाटलं होतं, पण वाटायला नको होतं. सेन्सिटिव्ह पेस्टच्या चाचण्यांत साधी पेस्ट वापरणाऱ्या गटालाही बराच फरक पडतो हे नेहमीचं आहे. थोडा मनाचा भाग, आणि थोडं असं की चाचणीत आहोत म्हटल्यावर माणूस नीट घासू लागतो.

पुढचा बदल लिंबूपाण्याचा. बंद केलं नाही, फक्त ब्रश आधी आणि लिंबू नंतर. आंबट प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ, ब्रश नाही. मग ब्रशची पाळी आली: मऊ केसांचा, आणि मुठीत न धरता पेन्सिलसारखा तीन बोटांत, म्हणजे जोर आपोआप कमी. आकडा चार.

चौथा बदल, आता कुठे औषधी पेस्ट. स्टॅनस फ्लोराइडची निवडली कारण आंबट मी सोडणार नव्हते. दिवसातून दोनदा, दोन मिनिटं, आणि घासून झाल्यावर थुंकायचं पण खळाखळा चूळ भरायची नाही. हा शेवटचा भाग मला सगळ्यात जड गेला. पण विचार करा, जो घटक दातावर बसायला हवा तोच आपण अर्ध्या मिनिटात पेलाभर पाण्याने धुऊन काढत असतो. पहिले आठ-दहा दिवस तोंडात पेस्टची चव राहते, नंतर सवय होते. चौथ्या आठवड्याच्या शेवटी दोन-तीन.

चार आठवडे हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेत या पेस्टच्या वेष्टनावर सूचनाच असते की दंतवैद्याने सांगितल्याशिवाय चार आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नका, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना विचारल्याशिवाय देऊ नका. पेस्ट घातक आहे म्हणून ही सूचना नव्हे. महिन्यात फरक पडला नाही तर खाली काहीतरी दुसरं लपलेलं असू शकतं, आणि ते आधी शोधलं जावं, हा तिचा हेतू. मी चार आठवडे झाल्यावर वही घेऊनच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हीच पेस्ट पुढेही चालू ठेवायला सांगितली, 'बरं वाटलं म्हणून बदलू नका' असं दोनदा बजावून.

योग्य पेस्ट असूनही परत येत असेल तर

घरात दोन ट्यूब असतील तर दुसरीवर संशय घ्या. सकाळी एक आणि रात्री दुसरी असं करणाऱ्यांची औषधी पेस्ट अर्धाच डोस देते, पोटॅशियमच्या बाबतीत तर ते जवळपास न लावण्यासारखं.

माउथवॉशची बाटली तपासा. काही माउथवॉश चांगलेच आम्ल असतात. ब्रशनंतर लगेच ते वापरणं म्हणजे पेस्टही धुतली आणि दातही मऊ केले.

आंबट ढेकर, छातीत जळजळ, सारख्या उलट्या होत असतील तर आम्ल आतून येतं. वरच्या पुढच्या दातांची मागची, टाळूकडची बाजू गुळगुळीत, काचेसारखी झालेली असते. त्यावर पेस्ट हा उपाय नाही, पोटाचा इलाज आधी.

सकाळी उठल्यावर जबडा दुखतो, दातांच्या कडा सपाट झाल्या आहेत, घरचे म्हणतात रात्री दात खाता: मग रात्री घालायचं कवच लागेल.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर हिरडी मागे सरकणं थांबलेलं नाही. दर महिन्याला थोडं नवं मूळ उघडं पडत असताना पेस्ट किती ठिकाणी पुरी पडणार? स्केलिंग करून घ्या. स्केलिंगनंतर काही दिवस दात जास्तच शिवशिवतात, कारण मुळावरचं दगडासारखं साठलेलं किटण निघून मूळ मोकळं झालेलं असतं. 'दात साफ केले आणि बिघडले' म्हणून पुढच्या वेळी न जाणारे याच ठिकाणी फसतात.

आणि पेस्टने जे होणार नाही ते डॉक्टरांकडे असतं: फ्लोराइडचं वार्निश, नळ्या बंद करणारं राळेचं लेपन, खोल खाच पडली असेल तर फिलिंग. माझ्या चार दातांपैकी एका उपदाढेला हिरडीलगत नखात अडकेल एवढी खाच होती. तीन वर्षं मी तिच्यावर पेस्ट चोळत होते. खाच फिलिंगने भरायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत, इंजेक्शनही नाही. त्या दाताला आता फ्रिजमधलं पाणी कळतच नाही. बाकीच्या तिघांना अजून कळतं, दोन-तीनएवढं, आणि ती ट्यूब संपायच्या आठवडाभर आधी मी तीच दुसरी आणून ठेवते.